शेवंतीचा पहिला डोस

४ जानेवारी
पुण्याहून लस आली. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरने शहाद्याच्या स्टँडबाहेर थर्माकोलचा डबा हातात दिला. "मॅडम, मासा शेतस का यामा?" मासे नाहीत, घोड्याच्या फ्लूची लस म्हटल्यावर त्याला हसू आवरेना. "घोडाले बी सर्दी व्हस?"
होते. आणि विमानाने परदेशात जायचं असेल तर झालेली चालत नाही.
चार बाटल्या, एकीत एक डोस. बर्फाच्या पिशव्या अजून टणक. दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला लावून ठेवल्या, तिथे गारवा जास्त. दुपारी दोन तास लाइट नव्हती. आल्यावर फ्रिजची कळ शेवटच्या, सर्वांत गार आकड्यावर नेली.
सुनीलच्या कॉलेजात गॅदरिंग, प्राध्यापकांच्या बायकांनाही बोलावणं. गेले नाही.

६ जानेवारी
सकाळी राजूभाऊ पाटलांच्या शेतावर. पागेत तीन घोडे, तिघांनाही टोचलं. महत्त्वाची एकच, शेवंती. सात वर्षांची, फिकट पिवळी, चारही पाय गुडघ्याखाली पांढरे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत मस्कतच्या एका शेठने विसार देऊन ठरवली. मूळचे कच्छचे, तिकडे तीन पिढ्या झाल्या. परवानग्यांचं सगळं मुंबईचा एजंट बघतो. माझ्याकडे सुई, थर्मामीटर आणि सही.
हिशोब असा: पहिला डोस आज. दुसरा चार आठवड्यांनी, ३ फेब्रुवारीला. मग दोन आठवडे तरी जायला हवेत. २० फेब्रुवारीला मुंबईजवळच्या विलगीकरणाच्या तबेल्यात दाखल. तिथे तीन आठवडे, मग विमान. मध्ये तीनच दिवस मोकळे.
शेवंतीला धरायला गफूरचाचाच लागतात. वय साठीच्या पुढे, शहाद्यात खोगिरं शिवायचं दुकान होतं, आता सगळा वेळ पागेतच. शेवंतीची आई ती जन्मली त्या आठवड्यात गेली. यांनी गायीच्या दुधावर वाढवली. घोडीशी हिंदीत बोलतात, माझ्याशी अहिराणीत. सुई टोचली तेव्हा तिच्या कानात म्हणाले, "हो गया, बेटा, हो गया." अजून झालं नव्हतं.
शेवंतीच्या पासपोर्टात तारीख घातली. बाटलीवरची चिठ्ठी चिकटवली. सही, शिक्का.

७ जानेवारी
फोन केला. ताप नाही, मानेवर सूज नाही, खाणं नेहमीसारखं. तिघांचंही. छान.

११ जानेवारी
पासपोर्टातली आकृती पूर्ण केली. घोड्याचं छापील रेखाटन असतं, डावी बाजू, उजवी बाजू, समोरून. पांढरं असेल तिथे लाल रेघा, भोवरा असेल तिथे काळी फुली. शेवंतीच्या डाव्या डोळ्याखाली भोवरा आहे. आसूढाळ म्हणतात त्याला. आसवं ओघळतात त्या वाटेवरचा. अशी घोडी मालकाला रडवते, असा समज.
राजूभाऊ चहा घेऊन आले, फुली पाहिली आणि कप तसाच ठेवला.
"ताई, तो भोवरा नका काढा."
यात्रेत तिच्या तोंडावरच्या मोहरकीचा गोंडा नेमका त्याच्यावर सोडलेला होता, हे मला तेव्हाच दिसलं होतं.
"शेठने पाहिलाच असेल की."
"नसेल पाहेल तर? कोन दखस तठे?"
"विमानतळावरचा डॉक्टर बघेल. आकृतीत नाही आणि घोडीवर आहे, म्हणजे घोडी दुसरी. परत पाठवतील."
फुली ठेवली. खरं काय ते लिहायचं, पुढचं पुढे, असंही मी म्हणाले. जरा जास्तच ठासून. राजूभाऊंनी गार झालेला चहा उचलून नेला.
चाचा शेवंतीचं अंग खराऱ्याने घासत होते. तिकडूनच म्हणाले, "माले ते कधी रडाडं नही तिनी."

१५ जानेवारी
चाचा दवाखान्यात आले, स्वतःचा पासपोर्ट दाखवायला. नवा कोरा. विमानात घोडीसोबत माणूस लागतो, तो म्हणजे हे. पुढे तीन महिने तिकडेच, शेवंती रुळेपर्यंत. फोटोत दाढी रंगवलेली.
मग खरं कारण निघालं. मुलगी शबाना मस्कतलाच आहे. नवरा एसी दुरुस्तीचं काम करतो. लग्न होऊन गेली तेव्हापासून तीन वर्षं भेट नाही. आता दिवस गेलेत, मार्चअखेर बाळंत होईल. विमान मार्चच्या मध्याला, ईद त्यानंतर आठवड्याने.
"ईद पोरनाच घर करसू," म्हणाले. दोनदा.
पासपोर्ट प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून परत नेला.

१९ जानेवारी
फ्रिज साफ केला. मागच्या भिंतीवर बर्फ, दोन बोटं जाड. कळ अजून शेवटच्या आकड्यावर.
माझ्याकडे तापमापक आहे, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा लक्षात ठेवणारा. रोज बघायचा असतो. मी ४ तारखेपासून बघितला नव्हता.
खालचा आकडा: उणे तीन.
कधीचा, ते तो सांगत नाही.
चौथी बाटली तिथेच होती. हलवून पाहिली. दुधाळ, दिसायला ठीक.

२० जानेवारी
ही लस गोठली की गेली. पुन्हा पातळ होते, रंग तोच राहतो, टोचताही येते. फक्त काम करत नाही. पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलालाही पाठ असतं हे.
पण गोठली होती का? पाच तारखेच्या रात्री? की सहानंतर? बाटल्या पागेत नेल्या तेव्हा द्रवच होता. रस्त्यात वितळला असेल तर? पाऊण तास लागतो.
परभणीचा वर्गमित्र, तिथेच कॉलेजात आहे, त्याला फोन लावला.
"उणे तीनला गेली तर?"
"फेकून दे."
"टोचून झाली असेल तर?"
"कोणी टोचली?"
"आहे ओळखीतला एक."
"त्याला म्हणावं, गप्प बस. दुसरा डोस नीट दे."
पुण्याला नवीन बाटल्यांची मागणी पाठवली. दुसऱ्या डोससाठी लागणारच होत्या, असं स्वतःला सांगितलं.

२२ जानेवारी
नव्या बाटल्या आल्या. या वेळी कळ मधल्या आकड्यावर, बाटल्या मधल्या फळीवर, दोन्ही दोनदा तपासलं.
मग ती चाचणी. जुनी बाटली आणि नवी, दोन्ही एकाच वेळी हलवायच्या, टेबलावर शेजारी ठेवायच्या आणि बघत बसायचं. न गोठलेली बराच वेळ गढूळ राहते. गोठलेलीचा गाळ लवकर खाली बसतो.
पंधरा मिनिटांनी जुनीत वर पाणी दिसायला लागलं. अर्ध्या तासाने तळाला पांढरा थर, वर स्वच्छ. नवी तशीच दुधाळ.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
तिच्यासोबतच्या तीनही बाटल्या याच भिंतीला होत्या. चौथी नंतरही तेरा दिवस तिथेच होती हे खरं. त्या तीन दोनच रात्री. पण कळ पहिल्या दिवसापासून तशी होती.
सुनीलने विचारलं, एवढं काय बघतेस. लस, म्हटलं.

२३ जानेवारी
एक मार्ग होता. नवी बाटली न्यायची, तपासणीच्या निमित्ताने शेवंतीला टोचायची, बोलायचं नाही. पासपोर्टात ६ तारीख राहील. ३ फेब्रुवारीला आणखी एक. तिच्या अंगात दोन चांगले डोस, मधलं अंतर थोडं कमी एवढंच. कोणाचं काही अडणार नाही.
बाटली बर्फाच्या डब्यात घालून गेले.
चाचा नव्हते. खापरला गेलेले, तिथल्या वरातीच्या घोड्यांना नवीन खोगीर बसवून द्यायला. शेवंती दुसऱ्या कोणाला मान धरू देत नाही. राजूभाऊंनी प्रयत्न केला, तिने कान मागे टाकले.
"राहू द्या," म्हटलं. "नुसतं बघायला आले होते."
बाटली तशीच परत आणली. चाचा असते तर टोचली असती की नाही, आता सांगता येत नाही.

२४ जानेवारी
मोलगी, सातपुड्यात. शेळ्यांचं लसीकरण, सरकारी शिबिरात मदत. जीप घाटात दोनदा थांबली. माणसं बाजारासाठी चालत निघालेली, आमच्या आधी पोचली.
एका बाईने शेळ्या आणल्या नाहीत. सोबतच्या आशाताईंनी तिचं भिलीतलं बोलणं मला सांगितलं. मागच्या वर्षी टोचलेल्या चारही मेल्या. म्हणते, तुम्ही पाणी टोचता.
मी नेहमीचं उत्तर दिलं. पाणी कोणी टोचत नाही, लस लागू व्हायला दिवस लागतात, आधीच आजार असेल तर. आशाताई ते तिला सांगत होत्या. बाई माझ्याकडे बघत होती. ऐकून घेतलं आणि शेळ्या न आणताच गेली.
परतताना खिडकीला डोकं टेकून बसले. सगळ्यांना वाटलं जीप लागली.

२५ जानेवारी
खापरहून शांतारामचा फोन. वरातीची घोडी भाड्याने देतो. तीन घोड्यांना ताप, दोन खोकतात. लगेच गेले.
१०४. १०३.४. तिसरं १०३. नाकातून पाणी, खाणं सोडलेलं. एक घोडी मान खाली घालून उभी, खोकली की पाय फाकवते. चार दिवसांपूर्वी बाहेरून एक नवीन घोडा आला होता. लग्नसराईतल्या सगळ्या वराती रद्द करायला सांगितल्या. शांतारामचं तोंड उतरलं. नाकातले नमुने घेतले, प्रयोगशाळेला पाठवले. आठवडा तरी लागेल. बघून मनात एकाच आजाराचं नाव आलं, तेच, ज्याच्यासाठी लस मागवली होती.
नवं खोगीर खुंटीवर होतं.
"हे बसवून देताना चाचांनी कोणत्या घोडीला हात लावला?"
"सगळासले."
म्हणजे परवा इथे आणि काल शेवंतीजवळ. आणि सगळे समजतात तिला पहिला डोस झालाय.
तिथूनच राजूभाऊंना फोन केला. चाचांना आंघोळ करायला सांगा, कपडे गरम पाण्यात, पागेतले तिन्ही घोडे वेगळे बांधा. उद्या येते. बाकी फोनवर सांगितलं नाही.

२६ जानेवारी
शाळेतला झेंडा उरकून राजूभाऊ आले, पांढरी टोपी डोक्यावरच. आधी तिन्ही घोड्यांचं तापमान घेतलं. शेवंती १००.२. ठीक.
मग सांगितलं. फ्रिजची कळ, उणे तीन, दोन बाटल्या. चाचांना समजावं म्हणून अहिराणीत सांगायचा प्रयत्न केला. मधेच मराठीवर आले.
राजूभाऊ: "म्हणजे तिले काहीच लागू नही?"
"नाही असं धरायचं."
"मंग आते काय करानं?"
"उद्या पुन्हा पहिला. दुसरा २४ फेब्रुवारीला. २० तारखेचा तबेला गेला."
"आणि विमान?"
"तेही."
राजूभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ताई, भोवरा ते सोडा नही तुम्हीन. तवय माले वाटनं, बाई पक्की शे." मग विचारलं, "हाई कवय समजनं तुम्हले?"
"सोमवारी."
"आज दुसरा सोमवार शे."
हो, म्हटलं.
चाचांनी उठून शेवंतीच्या दाव्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग बादली घेऊन विहिरीकडे गेले. मी निघेपर्यंत आले नाहीत.
एवढं चुकीचं मी पूर्वी केलेलं आठवत नाही. केलं असेल आणि कळलं नसेल.

२७ जानेवारी
एजंटचा फोन, सकाळी आठला. राजूभाऊंनी कळवलेलं. गोड आवाज.
"मॅडम, ६ तारखेची नोंद आहे ना? सही तुमचीच आहे. ती राहू द्या. आज चांगला डोस द्या, तो लिहू नका. ३ तारखेला दुसरा. घोडी सेफ, कागद क्लीन. तुम्हाला कोण विचारतंय?"
मी २३ला जे करायला निघाले होते अगदी तेच. त्याच्या तोंडून फार घाणेरडं वाटलं.
"नाही जमणार."
"त्या म्हाताऱ्याचा विचार करा. व्हिसा त्याच घोडीवर आहे."
"केलाय."
पागेत गेल्यावर पासपोर्ट काढला. ६ जानेवारीच्या नोंदीवर लाल रेघ. रद्द. कारण: साठवणुकीत गोठल्याचा संशय. आजची तारीख, सही, शिक्का. शिक्का वाकडा पडला.
चाचांनी मान धरली. आज तिच्या कानात काही बोलले नाहीत.

२९ जानेवारी
इंजेक्शनच्या जागी सूज, लिंबाएवढी. तापमान १०१.९. तोबऱ्यातलं अर्धं ठेवलं. बाकी दोघांनाही थोडी सूज.
या वेळी लस लागतेय. सात तारखेला काहीच नव्हतं तेव्हाच खटकायला हवं होतं.
चाचा ओल्या फडक्याने शेकत होते. मी "कोमट घ्या" म्हटलं. मान हलवली. चार दिवसांत एवढंच.

२ फेब्रुवारी
खापर. ताप उतरलेत. पण दोघींच्या जबड्याखाली गाठी, एकीची फुटलेली, पू. म्हणजे हा फ्लू नाही. गळ्याच्या गाठींचा आजार, घोड्यांमध्ये नेहमीचा. संसर्गाचा आहे, पण वेगळा. पहिल्या दिवशी गाठी नव्हत्या.
शांतारामला बरं वाटलं. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही.

५ फेब्रुवारी
प्रयोगशाळेचा फोन. तेच. फ्लू नाही.
राजूभाऊंना कळवलं. शेवंतीला गाठी नाहीत, ताप नाही, पण अजून दोन आठवडे बाहेरचा घोडा जवळ नको.
"म्हणजे तो फ्लू नव्हताच," ते म्हणाले. "तुम्ही घाबरी गयात म्हणीसन सांगं. दोन दिन थांबतात ते सांगाणी गरजच पडती नही."
मला हाच प्रश्न तीन दिवस पडलाय. थांबले असते तर सांगितलं असतं का? खोकला ऐकला म्हणून सांगितलं. तो खोकला निराळाच निघाला.
"तरी सांगायला पाहिजे होतं," म्हटलं.
"ते शे," राजूभाऊ म्हणाले. फोन ठेवला नाही. "मस्कतना शेठ नाराज शे. नही म्हणेल नही अजून. हो बी म्हणेल नही."

११ फेब्रुवारी
शेवंतीची तपासणी. ठीक. सूज गेली.
चाचा व्हिडिओ कॉलवर बोलत होते. पडद्यावर एक तरुण मुलगी, डोक्यावर ओढणी, मागे पंख्याचा आवाज. मला बघून चाचांनी फोन माझ्यापुढे धरला.
"हिले तुम्ही सांगा," म्हणाले. "माले समजाडता येस नही."
पंधरा दिवसांनी पहिलं वाक्य.
फोन हातात घेतला. शबानाने सलाम केला. मी तिला सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत. लस, फ्रिज, तारखा. तिने मधे तोडलं नाही.
"तो घोडी को कुछ हुआ क्या?"
"नहीं. अच्छी है."
"फिर अब्बा क्यों नहीं आ सकते?"
"कागज में सच लिखना पड़ा."
"अच्छा." खाली बघितलं. "मैंने उनका कमरा कर लिया था."
माफ करना, म्हटलं. तिने अचानक विचारलं, गरोदरपणात पाय सुजतात ते सगळ्यांचेच का. मी जनावरांची डॉक्टर, हे तिला माहीत होतं. तरी सांगितलं, पाय वर ठेवून झोप, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच दवाखाना, वाट बघायची नाही. सासू तिकडे नाही. कोणीच नाही.
फोन परत दिला. चाचा तो शर्टाला पुसत होते बराच वेळ.

१९ फेब्रुवारी
रोजे सुरू. चाचा पहाटे शहाद्याहून सायकलने येतात, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, उन्हात खरारा. राजूभाऊंनी दुपारी घरी जायला सांगितलं तर म्हणतात, घर कोन शे?
उद्या २०. शेवंती उद्या मुंबईला असायची होती.
लोणखेड्यात पपईच्या गाड्या भरताहेत. सकाळपासून चार म्हशी, एक अडलेली गाय. वासरू जिवंत.

२१ फेब्रुवारी
एजंटचा फोन, थेट मला. त्याच्या चार घोड्या काल तबेल्यात दाखल झाल्या, राजस्थानच्या. विमान तेच. पण सोबतचा एक माणूस नापास, कागदात घोळ.
"तुमच्या चाचांचे पेपर तयार आहेत. घोडी बदलून व्हिसा मी करून घेतो. २६ला सकाळी इथे पाहिजेत. अडीच आठवडे तबेल्यात, मग विमान. तिकडे तीन महिने."
"शेवंतीचं काय?"
"ती नंतर. शेठ हो म्हणाले तर. माणूस पाठवता का सांगा. उद्या, फार तर परवापर्यंत."
त्याच्याशी गोड बोलणं मला जमत नाही, पण आभार मानले.
पागेत जाऊन सांगितलं. राजूभाऊ पटकन म्हणाले, "चाचा, जा तुम्ही. मी शे ना आठे. पोरगी वाट दखी ऱ्हायनी."
चाचा शेवंतीकडे बघत होते. ती त्यांच्या खिशात तोंड घालून काही मिळतं का शोधत होती.
"तठला घोड्या माले वळखतस नही," म्हणाले. उत्तर नव्हतं ते.

२३ फेब्रुवारी
चाचा दवाखान्यात आले. बाकड्यावर बसले. फ्रिजकडे बोट केलं. "हाऊच का?"
हो, म्हटलं. उघडून दाखवला. कळ, मधली फळी, तापमापक. खालचा आकडा तीन, वरचा सहा. कळीजवळ बराच वेळ बघत राहिले.
"एवढीशी शे," म्हणाले.
मग: "बाई, तुम्हीन सांगं नसतं ते मी शुक्रवारी शेवंतीसंगे मुंबईमा ऱ्हातू."
"हो."
"आणि तुम्हले माहीत ऱ्हातं."
"हो."
"माले नही." फ्रिजचं दार लावून म्हणाले, "मंग तठे काही व्हतं ते मी म्हणतू, मन्हाच काही चुकनं."
एजंटला काय सांगू विचारलं. म्हणाले, हो सांगा. दारापर्यंत गेले, वळले. "उद्या दुसरं इंजेक्शन व्हऊ द्या. मंग दखू."
एजंटला हो कळवलं. हे "मंग दखू" कळवलं नाही.

२४ फेब्रुवारी
दुसरा डोस, सकाळी नऊ. तापमान १००.४. मानेच्या दुसऱ्या बाजूला. पासपोर्टात नोंद, चिठ्ठी, सही. शिक्का सरळ.
चाचांनी धरली. ओठ सुकलेले. तिच्या कानात काहीतरी म्हणाले, ऐकू आलं नाही.
खोगिराच्या खोलीत रेक्झिनची बॅग, भरलेली, साखळी लावलेली. मुंबईची गाडी उद्या संध्याकाळी पाचला.
"मागला सारखी सूज येई का?" चाचांनी विचारलं.
"येईल. ताप पण. उद्या-परवा."
"उद्या-परवा," ते म्हणाले.
शेठचा निरोप नाही. राजूभाऊ म्हणतात आला तर एप्रिलचं विमान, नाही आला तर शेवंती आपलीच होती, आपलीच राहील. ते खरंच निर्धास्त दिसत होते.
काय बघायचं ते मी सांगायला लागले. चाचा मधे म्हणाले, "लिखी द्या." ते उर्दू वाचतात, मराठी जेमतेम. म्हटलं, चाचा, तुम्हाला तोंडी सांगते की, गेल्या वेळी सगळं तुम्हीच केलंत.
"मराठीमाच लिखा. कोनले बी वाचता येवाले पाहिजे."
वहीचा कागद फाडला. आजची तारीख घातली. सकाळ-संध्याकाळ ताप बघणे. १०२ च्या वर गेला तर लगेच फोन. सूज कोमट फडक्याने शेकणे, चोळू नये. दोन दिवस सवारी नाही. खाणं कमी केलं तरी पाणी पिते का ते बघणे. आणखी काय, म्हणून चाचांकडे बघितलं.
"खरारा करतांना डावा बाजूथून सुरू करो," म्हणाले. "उजवीकडथून गयं का बिचकस."
तेही लिहिलं.
चाचांनी कागद घेतला, उभा घडी घातला, मग आडवा. राजूभाऊंनी तो घ्यायला हात पुढे केला होता. मी गाडीत बसले, गाडी वळवली, तरी कागद चाचांच्याच हातात होता.